ठेंगण्या आंब्याची पारख

बोहल्यावर उभं राहून अक्षतांचे तांदूळ दाताखाली फोडून बघणारा नवरदेव अख्ख्या मराठवाड्यात एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. ही ऐकीव गोष्ट नाही. आमच्या हिनं ती आपल्या थोरल्या बहिणीच्या लग्नात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली आहे. अंतरपाट धरलेला, भटजी मंगलाष्टकांच्या भरात, पलीकडे ताई मान खाली घालून उभ्या, आणि इकडे नवरदेवानं हातातल्या अक्षतांतला एक दाणा हळूच तोंडात टाकून कटकन फोडला. मागे उभ्या असलेल्या मामांनी दटावलं, "जावईबापू, हे काय करून राह्यले?" तर नवरदेव गंभीरपणे म्हणाले, "ओल धरली हाय तांदळानं. कुठून आणला?" आपल्याला जावई कोणत्या जातकुळीचा मिळाला हे माझ्या सासऱ्यांना त्याच क्षणी कळलं होतं म्हणतात, पण सावधान म्हणायला भटजींना जरा उशीरच झाला होता.

जालन्यात माणूस एक तर लोखंडाच्या बाजूचा असतो, नाही तर बियाण्याच्या. एमआयडीसीत एका अंगाला सळयांच्या मिला आणि दुसऱ्या अंगाला बियाण्यांचे प्लँट. लोखंडाकडची माणसं समोरासमोर बसूनही ओरडून बोलतात, कारण मिलमध्ये तशीच सवय लागते. बियाण्याकडची माणसं हळू बोलतात आणि बोलताना तुमच्याकडे न बघता तुमच्या ताटाकडे बघतात. आमच्या साडूंची सारी नोकरी बियाण्याच्या तपासणीत गेली. आलेल्या पोत्यांत टोकदार लोखंडी नळी खुपसायची, दाणे काढायचे, ओल्या कापडात गुंडाळून ठेवायचे आणि किती उगवतात ते बघायचं. उगवले तर लॉट पास, नाही तर फेल. यात त्यांचे काही नियम होते आणि ते वेदवाक्यासारखे होते. पहिला नियम, नमुना एका पोत्यातून घ्यायचा न्हाई; सगळ्या पोत्यांतून थोडं थोडं घ्यायचं, मंगच खरं काय ते कळतं. दुसरा नियम, एका नमुन्यावर भरोसा ठेवायचा न्हाई. आणि तिसरा नियम, लॉट गावोगाव निघून गेला तरी त्याचा मूठभर नमुना आपल्याजवळ राखून ठेवायचा.

हे सगळं कारखान्यात शोभतं हो. पण हा माणूस संध्याकाळी घरी येताना चपला बाहेर काढायचा आणि नियम आत घेऊन यायचा. चहा समोर आला की आधी चमच्यानं थोडा बशीत. ताईंनी पोहे केले तर कढईच्या चार कोपऱ्यांतून एकेक घास. कढईला कोपरे नसतात हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा आमच्या हिनं हौसेनं पुरणपोळ्या केल्या होत्या. त्यांनी वरची पोळी बाजूला केली, मधली काढली, तिचा तुकडा मोडला, उजेडात धरला आणि म्हणाले, "पास." आमची ही तोवर श्वास रोखून उभी होती. हे 'पास' मात्र दुर्मिळ. त्यांचा नेहमीचा शब्द 'फेल'. नवा रस्ता फेल, भाच्याचं अक्षर फेल, आमच्या मस्तगडातल्या हलवायाची जिलेबी दोनदा फेल. रागानं नव्हे बरं का. डॉक्टरनं ताप सांगावा तितक्याच मायेनं.

त्या तिसऱ्या नियमानं तर ताईंचा जीव मेटाकुटीला आला होता. घरात एक लोखंडी कपाट आहे. त्यात साड्या असतील असं कोणालाही वाटेल. साड्या बिचाऱ्या पलंगाखालच्या पेटीत. कपाटात सुती कापडाच्या लहान लहान थैल्या, नाडीनं तोंड बांधलेल्या. घरात गव्हाचं पोतं आलं की त्यातली मूठभर थैलीत. तूर, ज्वारी, साखर, सगळ्यांची तीच गत. ते ओल धरलेले अक्षतांचे तांदूळसुद्धा त्यात आहेत. एकदा त्यांनी जुनी स्कूटर विकली आणि तिचा डावा आरसा काढून ठेवला. घेणारा बिचारा डाव्या बाजूला आंधळा होऊन गेला. मी विचारलं, "हे काय साडू?" म्हणाले, "लॉट गेला तरी नमुना ठेवायचा असतो साडूभाऊ. उद्या कोणी तक्रार घेऊन आलं तर काय दाखवाल?" मी म्हटलं, "अहो, स्कूटरच्या तक्रारीला आरसा दाखवणार?" यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मीच एक फेल गेलेला लॉट आहे.

मला या माणसाचं सुरुवातीपासून कुतूहल. माझं घर मस्तगडात माडीवर. अंगण म्हणाल तर जिना. त्यामुळे रविवारी मी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. त्यांचं घर एमआयडीसीच्या अलीकडच्या वसाहतीत. मागे जागा म्हणाल तर दोन बाजा टाकल्या की तिसरी उभी करावी लागेल एवढी. एका अंगाला पाण्याचा हौद, दुसऱ्या अंगाला कंपाउंडची भिंत आणि मधून कपड्यांची दोरी. एवढ्याशा त्या जागेत ताईंना आंब्याचं झाड हवं होतं.

का हवं होतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. ताई आणि आमची ही, दोघी तीर्थपुरीकडच्या. माहेरी दाराशी गावरान आंबा. पाडवा असो, दसरा असो, हात वर केला की डहाळा. लग्न होऊन जालन्यात आल्यावर ताईंना कळलं की इथे आंब्याच्या पानांसाठीसुद्धा कोणाच्या तरी दारात उभं राहावं लागतं. मागच्या गल्लीत एका रिटायर मास्तरांच्या घरी मोठा आंबा होता. प्रत्येक सणाला ताई ताट घेऊन तिथे जायच्या. मास्तरीणबाई नाही म्हणायच्या नाहीत, पण देताना एक टोला द्यायच्या. "घ्या घ्या, खालच्या फांदीचे घ्या. तुमचं झाड लागलं का न्हाई अजून?" बाजारात पानांच्या जुड्या मिळतात, पण ताई म्हणायच्या, "डहाळा काय इकत आणायचा असतो?" आणि एका दसऱ्याला अशाच त्या ताट घेऊन परत आल्या आणि नवऱ्यापुढे ते ठेवून म्हणाल्या, "एक सांगून ठेवते. माझ्या मुक्ताच्या मांडवाला डहाळा आपल्या दारचा पाहिजे. त्या दिवशी म्या कोणाच्या दारात ताट घेऊन जाणार न्हाई."

मुक्ता त्यांची एकुलती एक. तेव्हा ती दप्तर घेऊन शाळेत जात होती. साडूंनी ताटातलं एक पान उचललं, चुरगाळलं, वास घेतला आणि म्हणाले, "बराबर हाय तुझं. लावू की." ताईंचा चेहरा उजळला. मी तिथेच होतो. त्या माउलीला काय माहीत की लावू म्हणणं आणि लावणं यांच्यामध्ये आमचे साडू उभे आहेत!

अडचण खरी होती, हे मी कबूल करतो. गावरान झाड त्या जागेत लावलं असतं तर त्यानं दहा-पंधरा वर्षांत हौद फोडला असता, भिंत पाडली असती आणि घरच्यांना बाहेर काढून स्वतः आत राहिलं असतं. तेव्हा झाड हवं ठेंगणं. कलमी, बांधेसूद, पायलीएवढ्या जागेत संसार करणारं. दुसरा कोणी असता तर रोपवाटिकेत गेला असता, "बुटकं कलम द्या" म्हणाला असता आणि संध्याकाळी खड्डा करून मोकळा झाला असता. साडू म्हणाले, "झाड म्हणजे काय भाजी हाय? जन्माची सोबत हाय. नमुना पाहिल्याबिगर बिलकुल न्हाई." आणि आंब्याचा नमुना म्हणजे आंबा. म्हणजे उन्हाळा. म्हणजे वर्षातून एकदाच होणारी परीक्षा.

मग सुरू झाले ते उन्हाळे! मी त्यांचा साक्षीदार, आणि खरं सांगायचं तर लाभार्थीसुद्धा. साडू फळ एकदम कापायचे नाहीत. आधी देठाकडून वास, मग बोटानं दाब, मग एक फोड वरची, एक मधली, एक बुडाची. हापूस पहिल्याच फेरीत गेला. "कोकणातला मानूस हाय तो, इकडच्या उन्हात त्याचं मन रमणार न्हाई. आतून साका धरील, गर पांढराफटक पडंल." केसर गोड, आपल्याकडे मानवणारा, सगळे लावतात, पण त्याला ठेंगणा ठेवायचा तर दरसाल छाटणी आली. "रोज उठून झाडाशी भांडण कोण करंल? घरात भांडायला मानूस हाय ना." ताई आतून म्हणाल्या, "ऐकून राह्यले मी." मल्लिका फार उशिरा पिकतो म्हणून फेल. सिंधू नावाचा एक आंबा कोणीतरी आणून दिला. झाड आटोपशीर, गर भरपूर आणि कोय अगदी चपटी, नखाएवढी पातळ. मी म्हटलं, आता तरी! साडूंनी ती कोय तळहातावर घेतली आणि त्यांचा चेहरा काळवंडला. साऱ्या जन्मात ज्या माणसानं बीशिवाय कशाला मान दिला नाही, त्याच्यापुढे बिनबियाचं पोर आणून उभं केलं होतं. "ज्याला बीच न्हाई," ते म्हणाले, "त्याच्या शब्दावर भरोसा कसा ठेवू साडूभाऊ?"

ताई दर वेळी एकच सांगायच्या. "अहो, मला पानं पाहिजे. पानं! आंबा आंबट निघाला तर लोणचं घालीन." साडू म्हणायचे, "पानासाठी का कुठं झाड लावतात?" आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, हीच तर संसाराची गंमत आहे.

शेवटी आम्रपाली आला. लहान चणीचा आंबा, आतून शेंदरासारखा. झाड मुळातच ठेंगणं, दरसाल धरणारं, दाट पानांचं. साडूंनी वरची फोड खाल्ली, मधली खाल्ली, बुडाची खाल्ली आणि डोळे मिटून बसले. ताई दाराशी आल्या. मी पाट सरकवून पुढे झालो. साडूंनी डोळे उघडले. "फेल न्हाई," ते म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवणार एवढ्यात ते पुढे म्हणाले, "पण नमुना एकाच बागेतला हाय." म्हणजे दुसऱ्या बागेतला बघायला हवा. तोवर हंगाम संपला. म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात.

पुढच्या उन्हाळ्यात ते आणि मी त्यांच्या मोटारसायकलवर तीर्थपुरीच्या पुढे एका बागायतदाराकडे गेलो होतो. त्यानं पाणी दिलं, बाज टाकली, पाटीभर आंबे पुढे ठेवले. साडू म्हणाले, "पाटीतले नको. झाडाच्या चारी अंगांचे एकेक द्या. उगवतीचा येगळा, मावळतीचा येगळा." तो भला माणूस झाडाभोवती फिरला, चार आंबे आणले. साडूंनी मग झाडाची उंची विचारली, खोडाला हात लावला, सावलीत उभे राहिले, सावलीच्या बाहेर उभे राहिले, आई-बाप कोण ते विचारलं. आम्रपालीचे आईबाप दशहरी आणि नीलम, हे त्यांना स्वतःला पाठ होतं, तरी विचारलं. तो बागायतदार कपाळावरचा घाम पुसून म्हणाला, "पावणं, आंबा पाहायला आले का पोरगी?" मी हसून हसून बाजेवरून पडायचा राहिलो. साडू मात्र हसले नाहीत. "पोरगी जल्दी पाहून होते," ते म्हणाले.

आता या परीक्षांतून एक दुसरंच प्रकरण वाढीला लागलं. आंबा खाल्ला की कोय उरते, आणि बियाण्याच्या माणसाच्या हातून बी फेकवत नाही. साडू कोय उन्हात सुकवायचे, कवच फोडून आतली गिरी काढायचे, ओल्या गोणपाटात ठेवायचे. मोड आला की समाधान. मी म्हणायचो, "अहो, कोयीचं झाड कलमासारखं होत नसतं. ते वाढून राक्षस होणार. तुम्हीच मला शिकवलंय." ते म्हणायचे, "लावायला थोडंच? उगवण पाहायची. उगवलं, बस." मग आता ते फेका की! तर तेही नाही. "उगवलेलं फेकू नये साडूभाऊ." तेव्हा ती रोपं माती भरलेल्या काळ्या पिशव्यांत जायची आणि पिशव्या भिंतीला रांगेनं उभ्या राहायच्या. फेल केसर, फेल पायरी, फेल तोतापुरी, आणि ताईंच्या माहेरचा शेपूसारख्या वासाचा गावरान शेप्या. साडू त्या रांगेकडे फिरकायचे नाहीत. ताई मात्र तांदूळ धुतलेलं पाणी रोज तिकडे नेऊन ओतायच्या, आणि उन्हाळ्यात त्यांच्यावर जुनं लुगडं बांधायच्या. रोपं हळूहळू गुडघ्याला लागली, मग कमरेला. मुक्ता कॉलेजात गेली.

तरी अजून एक परीक्षा राहिलीच होती. साडूंच्या डोक्यात आलं की झाडाचा नमुना झाला, सावलीचा कुठे झालाय? एका रविवारी मी गेलो तर मागच्या जागेत मधोमध एक बांबू रोवलेला, त्याला छत्रीच्या काड्यांसारखे आडवे बांबू बांधलेले आणि त्यावर रोपवाटिकेत लावतात ती हिरवी जाळी. भरात आलेला आम्रपाली जेवढा होईल तेवढाच उंच, तेवढाच रुंद. "बारा महिने पाहू," साडू म्हणाले. "सावली दोरीवर येते का, हौदावर येते का, शेजाऱ्याच्या पाणी तापवायच्या सोलरवर येते का." मला हसावं का रडावं ते कळेना. गल्लीत त्याचं नाव पडलं जाळीचा आंबा. पोरं बघायला यायची. पुढे त्यात बुलबुलाच्या जोडीनं घरटं केलं आणि पिलं उडून जाईपर्यंत तिकडे कोणी जायचं नाही असा हुकूम निघाला. आणि गंमत बघा, दुपारी ताई त्याच जाळीखाली बसून भाजी निवडायला लागल्या. सावली ती सावली.

पण एका पाडव्याला ताई पानांना गेल्या, तेव्हा मास्तरीणबाईंनी विचारलं, "का हो, तुमच्या जाळीला पानं न्हाई फुटली अजून?" ताईंनी ताट उचललं. घरी आल्या, गुढीला डहाळा बांधला, नैवेद्य दाखवला, सगळ्यांना वाढलं. आणि हात धुऊन झाल्यावर नवऱ्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "एवढी वर्षं झाली, मी तुमच्याकडं एक झाड मागितलं. तुम्ही झाडाचं सोंग आणून उभं केलं." आवाज चढवला नाही, काही नाही. साडू बशीतला चहा तसाच धरून बसले. मी उगीच बाहेर जाऊन चपला घालून उभा राहिलो.

आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात मुक्ताचं ठरलं. साडूंच्या हाती नमुना न येता ठरलं, हे विशेष. मुलगा तिच्याच ऑफिसातला, घनसावंगीकडचा. साडूंनी त्याला चहाला बोलावलं, शेतीबद्दल विचारलं, आईवडिलांबद्दल विचारलं, पुन्हा एकदा भेटू म्हणाले. तेव्हा मुक्ता म्हणाली, "बाबा, मी पास केलं हाय. आता रिटेस्ट न्हाई." पोरगी शेवटी त्यांचीच. मुहूर्त निघाला तोही वैशाखातला, हाकेच्या अंतरावर.

तेव्हा मी आमच्या साडूंना पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. दुसऱ्याच दिवशी ते रोपवाटिकेत जाऊन आम्रपालीचं कलम घेऊन आले. न चाखता, न हुंगता, मोटारसायकलच्या टाकीवर लहान लेकरासारखं धरून. पण कलम ते केवढं! वीतभर काठीला दहा-बारा पानं. तोडली असती तर कलमच गेलं असतं, आणि त्या उन्हात जमिनीत लावलं असतं तरी गेलं असतं, लावणी पावसाळ्यातली. साडू ते कलम समोर ठेवून हौदाच्या कठड्यावर बसून राहिले. मला म्हणाले, "साडूभाऊ, मी लई उशीर केला." मला त्यांची चेष्टा करायची सवय, पण त्या दिवशी मी हौदातलं तांब्याभर पाणी घेऊन त्या कलमाला घातलं.

मांडवाच्या दिवशी सकाळी घर पाहुण्यांनी फुललेलं. मुहूर्तमेढ रोवायची, तिला डहाळा बांधायचा, दाराला तोरण लावायचं. म्हाताऱ्या बायका हाका मारू लागल्या, "डहाळा आणा गं, डहाळा!" साडूंनी कोणाला न सांगता ताट उचललं आणि फाटकाकडे निघाले. "कुठं?" मी विचारलं. "मास्तरांकडं," ते म्हणाले, "आज म्या जातो. तिला नको जायला." फाटकाची कडी काढली तोच मागून ताईंचा आवाज आला, "ताट इकडं आणा." त्या मागच्या दारात उभ्या होत्या, नव्या लुगड्यात, पदर खोचलेला. तिथून त्या सरळ भिंतीकडच्या त्या पिशव्यांकडे गेल्या.

साडू धावत मागे. "अगं, ते फेल लॉट हाय!"

"उगवलं हाय का न्हाई?" ताईंनी विचारलं.

"उगवलंय."

"दारात हाय का न्हाई?"

"हाय."

"मंग?" म्हणून ताईंनी पहिल्याच रोपाचा शेंडा धरला.

आणि तेव्हा आमच्या साडूंच्या अंगात ती सगळी नोकरी एकदम जागी झाली. "थांब, थांब! एकाच झाडावर जोर नको, मरंल बिचारं. सगळ्यांतून थोडं थोडं घे." त्यांनी स्वतः वाकून पहिल्या रोपाचं एक पान नखानं खुडलं, दुसऱ्याचं एक, तिसऱ्याचं एक. ताई ताट धरून बरोबर. केसर, पायरी, तोतापुरी, मल्लिका, शेप्या. काही पानं जून हिरवी, काही नवी तांबूस. सारी रांग संपेपर्यंत ताट भरलं आणि एकाही रोपाला कळलं नाही की त्याचं काही गेलं. एका रोपाचा बारीक शेंडा मुहूर्तमेढीसाठी घेतला, तो शेप्याचा. तो कोणता घ्यायचा हे ताईंनी सांगितलं नाही. साडूंनी पान चुरगाळून वास घेऊन शोधला.

तोरण बांधून होतंय तोवर फाटकात मास्तरीणबाई. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेला डहाळा. "तुम्ही आल्या न्हाई," त्या म्हणाल्या, "म्हणलं पोरीचं लग्न हाय, मीच नेऊन द्यावा."  ताईंनी त्यातलं एक पान घेऊन तोरणात ओवलं आणि बाईंना आत नेऊन बसवलं, लाडू दिला. मुक्ता हळद लागलेल्या हातांनी दारात येऊन वर बघत राहिली. "बाबा, यातलं पास कोणतं?" तिनं विचारलं. साडूंनी वर पाहिलं, खाली पाहिलं, मांडवातल्या कोणा पाहुण्याला उगीच हाक मारली आणि निघून गेले.

लग्न झालं. पाहुण्यांनी जाताना एकेक पिशवी नेली. ज्याच्याकडे जागा आहे त्यानं राक्षस पाळायला हरकत नव्हती. मुक्तानं शेप्या नेला. जाळीचा आंबा उतरवला, आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर त्याच खड्ड्यात आम्रपाली लागला. साडू रोज सकाळी त्याच्यासमोर बसतात. संध्याकाळी मुक्ताचा फोन आला की तिची खुशाली ताई विचारतात. साडू शेप्याची विचारतात. पोरगी काय समजायचं ते समजते.

परवा दसऱ्याला मी आणि आमची ही सोनं द्यायला गेलो होतो. आम्रपालीनं नवी पालवी धरली होती आणि साडूंनी जुनी चार पानं तोडायची परवानगी दिली होती, चारी अंगांची एकेक. ताईंनी ती झेंडूत ओवली आणि स्टूल घेऊन दाराशी गेल्या. वर लग्नातलं तोरण अजून तसंच होतं. पानं वाळून तपकिरी, कडा वळलेल्या, वारा आला की कागदासारखी वाजणारी. मी म्हटलं, "अहो ताई, हे कधीचं! दसऱ्याला असलं दारात ठेवतात का?" ताईंनी काढायला हात वर केला.

"राहू दे," मागून साडू म्हणाले. "नमुना हाय."

ज्या बाईनं त्या कपाटातल्या थैल्यांना जन्मभर शिव्या घातल्या, तिनंच हात खाली घेतला. वाळलेल्या तोरणाची सुटलेली एक गाठ नीट आवळली आणि नवं तोरण त्याच्या खाली बांधलं.